पंचांग उघडा, मग पिशवी भरा: सोलापूरहून कोकणातल्या टोकाच्या गावी

सोलापूरकर समुद्र बघायला निघाला की बहुतेक गणपतीपुळे नाहीतर मालवण करून येतो. दोन दिवसांत चार ठिकाणं होतात, गाडीत वाळू येते, घरी काजूचा पुडा येतो. त्यात वाईट काही नाही, आम्हीही तसंच सुरू केलं. पण जिथे डांबरी रस्ता संपतो, एसटी वळून उभी राहते आणि पुढे फक्त माड आणि पाणी असतं, अशा गावात तीन-चार दिवस राहायचं असेल तर तयारी वेगळी लागते. तिथे हॉटेल नसतं, एटीएम नसतं आणि दिवसाचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. ते भरती-ओहोटीच्या आणि वस्तीच्या गाडीच्या हातात असतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

उदाहरणासाठी मी वेंगुर्ले तालुक्यातली निवती, भोगवे, खवणे ही गावं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. देवगड किंवा राजापूरच्या किनाऱ्यावरच्या गावांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी तिथी, मग तारीख

आपल्याकडे सहल ठरते ती शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुट्टीवर. समुद्राला शनिवार कळत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे देवघरातलं पंचांग काढा. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, घरोघरी असतं, फक्त लग्न-मुंजीशिवाय कोणी उघडत नाही.

कोकणातला जुना हिशेब असा. तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची, म्हणजे तीनाने गुणून चाराने भागायचं. येईल तितक्या वाजता भर भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पंचांगात अमावास्येच्या जागी ३० छापलेलं असतं, पण हिशेबाला पंधराच धरायचे. भरती दिवसातून दोनदा येते, तेव्हा सकाळची जी वेळ निघाली तीच साधारण संध्याकाळचीही. दोन भरत्यांच्या मधोमध, सव्वासहा तासांच्या अंतराने, ओहोटी. रोज हे चक्र पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे सरकतं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. गावात पोचल्यावर कोणत्याही होडीवाल्याला विचारलं तर तो घड्याळ न बघता नेमकी वेळ सांगेल.

याचा उपयोग काय? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब आत जातं. त्या दिवसांत ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते, म्हणजे फिरायच्या नेमक्या वेळेला किनारा रुंद आणि मोकळा मिळतो. कातळ उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत खेकडे, शंख, छोटे मासे सापडतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी तर समोर सूर्य पाण्यात जात असतो आणि पाठीमागे माडांतून चंद्र वर येत असतो. अष्टमीच्या आसपास उलटं. तेव्हा भांगाची भरती, पाणी फार वर येत नाही, फार मागेही जात नाही, आणि संध्याकाळी सहाला वाळूचा पट्टा अरुंद झालेला असतो. लहान मुलं घेऊन वाळूवर चालायचं असेल तर पौर्णिमेच्या आधीचा एक आणि नंतरचे दोन दिवस धरा. फक्त तेव्हा पाण्याचा जोरही जास्त असतो, त्याचं पुढे सांगतो.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बस्स. मे महिन्यात आंबा-फणस-काजू सगळं असतं, पण मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि घाम असा येतो की आपला ४२ अंशांचा कोरडा उन्हाळा बरा वाटावा. तिथे पारा ३३-३४ दाखवतो, पण अंगावरचा घाम वाळतच नाही. पावसाळा देखणा, पण सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी (झावळ्यांनी) झाकलेल्या असतात, पाण्यात पाय घालणंही धोक्याचं. गणपतीत मात्र बोलावल्याशिवाय जाऊ नका. तेव्हा प्रत्येक घर आपल्याच माणसांनी भरलेलं असतं आणि तुमच्यासाठी त्यांना खोली रिकामी करावी लागते.

आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की जानेवारीच्या शेवटी निघावं, असं माझं मत. तेव्हा तिकडे गावोगावच्या जत्रा चालू असतात आणि रात्रभर दशावतार बघायला मिळू शकतो.

रस्ता

सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. इथपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापुरातून खाली उतरायला दोन सोयीचे घाट आहेत. गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी, तळेरे, मग महामार्गाने कणकवली आणि कुडाळ. नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने थेट कणकवली. मला दुसरा आवडतो, वाटेत राधानगरीचं धरण आणि दाजीपूरचं जंगल लागतं. निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का ते कोल्हापुरात कोणाला तरी फोन करून विचारा. दरड आणि दुरुस्ती यांना मुहूर्त नसतो. कुडाळहून पाट-परुळे-म्हापणच्या बाजूने किनाऱ्याकडे.

एकूण चारशे किलोमीटर धरा. स्वतःच्या गाडीने थांबत थांबत नऊ-दहा तास. पहाटे पाचला निघालात तर उजेडात पोचाल, आणि उजेडातच पोचायचं. कुडाळनंतरचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं), समोरून एसटी आली की एकाने मागे जायचं. तो एक आपणच असतो. पेट्रोल आणि रोख पैसे कुडाळलाच भरून घ्या. पुढे नेट आलं तर फोनवरून पैसे जातात, नाही आलं तर दुकानदार म्हणतो "मगे दिया", आणि आपल्यालाच ओशाळवाणं होतं.

एसटीने जायचं तर सोलापूर-कोल्हापूर, कोल्हापूर-कुडाळ किंवा वेंगुर्ले, आणि तिथून गावची गाडी, असे तीन टप्पे. महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, त्यामुळे घरातल्या आज्यांना घेऊन जाण्यासारखी दुसरी स्वस्त सहल नाही. खरी मेख शेवटच्या टप्प्यात आहे. अशा गावांना दिवसातून मोजक्या फेऱ्या असतात आणि शेवटची बहुधा वस्तीची. म्हणजे गाडी संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. ही चुकली तर रिक्षाला तो म्हणेल ते द्यावे लागतात. वेळ बस स्थानकाच्या फलकावर बघू नका, चौकशीच्या खिडकीवर विचारा आणि जिथे राहणार त्या घरी फोन करून पडताळा. दोघांच्या उत्तरात फरक पडला तर घरच्यांचं खरं धरा.

घर ठरवताना फोनवर काय विचारायचं

फोटोवर जाऊ नका. आम्ही एकदा सुंदर फोटो बघून खोली घेतली. समुद्र दिसत होता हे खरं, पण संडासाच्या खिडकीतून. त्यानंतर मी फोनवरच सगळं विचारून घेतो. समुद्र चालत किती मिनिटं? घरची माणसं तिथेच राहतात का? (राहत असतील तर जेवण चांगलं.) लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का? विहिरीचं पाणी गोडं की मचूळ? गाडी दारापर्यंत येते की वाडीच्या तोंडाशी लावायची? कोणत्या कंपनीचा फोन लागतो?

आणि शाकाहारी असाल तर ते पहिल्याच फोनवर सांगा. आपल्याकडे कितीतरी घरांत अंडंही चालत नाही. किनाऱ्यावरच्या घरात मात्र मासा हा भाजीसारखाच रोजचा. भांडी वेगळी हवी असतील तर संकोच न करता बोला. आयत्या वेळी ताटावर बसून सांगितलं तर ती बाई धावपळ करेल, पण तुम्हाला बटाट्याची भाजी मिळेल. आधी सांगितलंत तर काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, हंगाम असेल तर ओल्या काजूची उसळ. मासे खाणाऱ्यांनी वाडग्याकडे बघत बसावं, असं जेवण.

पिशवीत काय

सुती, सैल, लवकर वाळणारे कपडे, आणि नेहमीपेक्षा दोन जोड जास्त, कारण तिथे रात्रभर दोरीवर टाकलेला टॉवेल सकाळी ओलाच असतो. जीन्स घरी ठेवा. सोलापुरी चादर एक घ्या. पांघरायला नाही, वाळूवर अंथरायला; झटकली की वाळू जाते. विजेरी हवीच, मोबाईलची नव्हे, वेगळी. रात्री अंगणातून संडासाला जाताना किंवा कातळावरून चालताना पायात बूट आणि हातात उजेड पाहिजे, कारण जांभ्या दगडाच्या सड्यांवर (उघड्या पठारांवर) फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं. मातीच्या रंगाचं, दगडाखाली बसलेलं. ते अंगावर येत नाही, आपण त्याच्यावर पाय देतो. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी न करता पाय स्थिर ठेवून लगेच १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना.

नेहमीची औषधं, ओआरएसच्या पुड्या, मच्छर अगरबत्ती. फोनसाठी घट्ट प्लॅस्टिकची पिशवी.

आणि खाण्याचं. आमच्या घरातून प्रवासाला निघताना कडक भाकरीची चवड बांधली जातेच, वर शेंगा चटणीचा डबा. पहिल्या खेपेला आम्ही ती चवड रात्री उघडी ठेवली. सकाळी भाकरी हातात घेतली तर कापडासारखी दुमडली! तीन-तीन महिने टिकणारी आपली भाकरी कोकणच्या दमट हवेत एका रात्रीत हरली. तेव्हा हवाबंद डबा, किंवा कोल्हापूरपर्यंतच संपवायची. चटणीला काही होत नाही. जास्तीचा अर्धा किलो घ्या, का ते सांगतो.

पोचल्यावर

घराच्या खळ्यात (अंगणात) पाय धुवायला पाणी ठेवलेलं असतं, ते वापरा. "खयसून इलात?" असं विचारतील. सोलापूर म्हटलं की "इतक्या लांबसून!" आणि मग पंढरपूरचा विषय निघतो. हा विषय निघू द्या. आम्ही पहिल्या संध्याकाळी शेंगा चटणीचा डबा काकूंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती घावण्याबरोबर खाल्ली, तिसऱ्या दिवशी कृती विचारली आणि निघताना आमसुलं बांधून दिली.

गाडी माडाखाली लावू नका, खाटही टाकू नका. नारळ पडतो, आणि काचेचा विमा मागताना "वरून नारळ पडला" हे सांगायला लागतं. झाडावरचा ओला काजू दाताने फोडू नका, टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात. काजूच्या बोंडूचा (फळाचा) रस कपड्यावर पडला तर तो डाग कपड्याबरोबरच जातो.

किनाऱ्यावर जाळी पसरलेली असतात, मासळी वाळत घातलेली असते. ते कोणाचं तरी अंगण आणि कारखाना दोन्ही आहे, वळसा घालून जा. वर ओढलेल्या होडीवर चपला घालून चढून फोटो काढणं तर नकोच. आणि प्लॅस्टिक. गावात घंटागाडी येत नाही. आपण टाकलेली बाटली भरती घेऊन जाते आणि पुढची भरती आणून ठेवते. एक मोकळं पोतं गाडीत ठेवायचं, सगळा कचरा परत कुडाळला.

पाणी जपून वापरा, हे काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरातल्या माणसाला शिकवायला नको.

पाण्यात उतरण्याआधी

इथे जरा थांबून वाचा. आपल्यातले पोहणारे विहिरीत शिकलेले असतात. विहिरीचं पाणी उभं असतं, समुद्राचं चालतं. हिप्परग्याच्या तलावात दोन फेऱ्या मारणाऱ्या माणसाचा इथे काही हिशेब नाही.

किनाऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून नुसतं बघा. लाटा एका रांगेत फुटत असतात. मध्येच एखादा पट्टा असा दिसतो की तिथे लाट फुटत नाही, पाणी शांत आणि थोडं गढूळ. नवख्याला वाटतं, इथे उतरावं. नेमकी तीच जागा वाईट. आलेलं पाणी तिथून परत आत ओढलं जात असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहा, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे या. पोहता येत नसेल तर तरंगा आणि हात वर करा. आणि कुणी ओढलं जाताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. दोरी, रिकामा कॅन, काहीही फेका आणि होडीवाल्यांना हाका मारा.

खाडीच्या तोंडाशी तर उतरायचंच नाही. कर्ली नदी देवबाग आणि भोगव्याच्या मधून समुद्राला मिळते. तिथलं पाणी दिसतं गुडघाभर, पण ओहोटीला नदी आणि समुद्र दोघंही एकाच दिशेला ओढतात. उधाणाच्या दिवसांत जोर दुप्पट. माझा नियम: गुडघ्यापर्यंत, चढत्या भरतीच्या पहिल्या दोन तासांत, आणि गावातल्या माणसाने "हयसर बरा" म्हटलेल्या जागीच.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घसटत न्या. वाळूत पाकट, म्हणजे एक चपटा मासा, लपलेलं असतं. त्याला चाहूल लागली की ते निघून जातं, त्याच्यावर पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, कळ कमी होते, आणि मग डॉक्टर. पाण्यातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४, बाकी कशासाठीही ११२.

वाळूवर गाडी नेऊ नका. हे मी पुस्तकातून सांगत नाही. ओली वाळू घट्ट दिसली म्हणून आम्ही नेली, फोटो काढले, वळवताना मागचं चाक बसलं. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकं खोल. तेव्हा तिथीबिथी काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे पाणी येतंय की जातंय तेही कळेना. शंभर पावलांवर रापणीचे लोक जाळं ओढत होते. ते जाळं सोडून येऊ शकत नव्हते. म्हणाले, आधी रापण, मग गाडी. आम्ही सहा जण पँटी दुमडून दोराला लागलो. रापण म्हणजे होडीने अर्धगोल टाकलेलं मोठं जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचं. वीस-पंचवीस माणसं, एक ताल, पाय वाळूत रुतवून मागे मागे सरकायचं. तळहात सोलून निघाले. जाळं वर आलं तेव्हा त्यात तारल्या, बांगडे आणि एक शेवाळाचा ढीग होता. मग तेच लोक दोर घेऊन आले, चाकापुढची वाळू हातांनी उपसली, खाली माडाची झापं घातली आणि गाडी निघाली. तोवर पाणी मागच्या बंपरपाशी पोचलं होतं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. वर बांगडे दिले, रापण ओढायला हात लावणाऱ्याचा वाटा असतो म्हणून.

ताटावर

सकाळी घावणे किंवा आंबोळी, नाहीतर उकड्या तांदळाची पेज. ज्वारीवर वाढलेल्या पोटाला दुसऱ्या दिवशी भाताचा कंटाळा येतो. तांदळाची भाकरी मागा, मिळते. आमटीत नारळ असतो, आपल्या काळ्या मसाल्याचा झटका नसतो, आणि पहिल्या घासाला "तिखट कुठंय?" असं वाटतं. दोन दिवस द्या. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी दुसऱ्या दिवशी जिभेवर बसते. तिरफळ चघळू मात्र नका, जीभ बधिर होते.

सुरमई-पापलेटचा हट्ट सोडा. ते शहरातही मिळतात. "आज काय आलंय?" हा एकच प्रश्न विचारायचा आणि जे आलं ते खायचं. तारली, सौंदाळा, लेप, तिसऱ्या यांत गंमत आहे आणि खिसाही वाचतो. सोमवारी बऱ्याच घरांत चूल शाकाहारी असते, वाद घालू नका. आपल्याकडेही कित्येक घरांत सोमवार सिद्धेश्वराचा असतोच की.

दिवस कसे घालवायचे

खरं तर काही करायचं नसतं. पण मुलं विचारतातच, तेव्हा निवतीच्या किल्ल्यावरून संध्याकाळ बघा. सकाळी होडीवाल्याशी ठरवून डॉल्फिन बघायला जाता येतं. भाडं आधी ठरवा, लाइफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय बसू नका, आणि डॉल्फिनच्या मागे होडी पळवायला सांगू नका. एक दिवस आरवलीच्या वेतोबाच्या देवळात जा, तिथे नवसाला वाहिलेल्या हातभर लांब चपला बघून मुलं गप्प होतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला आहेच. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कामाला हात घातलेला, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यासाठी अर्धा दिवस द्या, जास्त नको.

परतताना

वस्तीच्या गाडीने जायचं असेल तर आदल्या रात्रीच वाहकाला सांगून ठेवा की सोलापूरची मंडळी येणार आहेत. तो दोन मिनिटं थांबतो. हिशेब रात्रीच मिटवा, पहाटे पाचला नेट नसतं आणि सुट्टेही. स्वतःची गाडी असेल तर घरी आल्यावर पहिल्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर खारा वारा पत्रा खातो.

आणायचं काय? आमसुलं, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, सुकी तिरफळं. ताजी मासळी बर्फात घालून आणायच्या भानगडीत पडू नका, चारशे किलोमीटर ती टिकत नाही आणि टिकली तरी आपण टिकत नाही. सुका बांगडा आणायचाच असेल तर आधी कागद, मग प्लॅस्टिक, मग स्टीलचा डबा, आणि डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी. आम्ही नुसत्या कागदात आणला होता. सांगोल्याला चढलेल्या एका आजोबांनी दोनदा नाकाला उपरणं लावलं, खिडकी उघडली, आणि मंगळवेढा येईपर्यंत सगळ्या एसटीने एकेक करून आमच्या सीटकडे वळून बघितलं होतं.